हरलो... मग काढायचं कुणाला?

हरल्यावर कोचला काढणं ही जगातली सगळ्यात सोपी मीटिंग असते. अजेंडा एका ओळीचा, चर्चा दहा मिनिटांची आणि चहा यायच्या आत ठराव पास! अख्खी टीम काढता येत नाही, स्वतःला काढायची कुणाची इच्छा नसते, प्रेक्षकांना तर काढताच येत नाही. मग उरतो कोण? गळ्यात शिट्टी अडकवून साइडलाइनला उभा असलेला एकटा माणूस.

आपल्या ऑफिसात तरी वेगळं काय होतं म्हणा. क्लायंट हातचा गेला की प्रोजेक्ट मॅनेजरची सीट रिकामी होते. आणि तीन महिन्यांचं काम सहा आठवड्यांत करून देतो म्हणून ज्यांनी सही केलेली असते, तेच नव्या मॅनेजरच्या स्वागताला बुके घेऊन हजर असतात. टाळ्या आपण वाजवतो.

हा विषय सध्या माझ्या डोक्यात घोळतोय, त्याला कारण आहे. मी मूळची भंडाऱ्याची. (हे सांगितलं की पुण्यातला पहिला प्रश्न, 'जेजुरीचा भंडारा?' नाही हो. नागपूरच्या पूर्वेला साठेक किलोमीटर, वैनगंगेच्या काठावरचा, धानाचा आणि पितळेच्या भांड्यांचा भंडारा.) तिथल्या एका क्लबकडून मी सात वर्षं बास्केटबॉल खेळले. पॉइंट गार्ड. आता हिंजवडीत बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. खेळ सुटला, पण क्लबची आजीव सभासद आहे आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही आहे.

या सीझनला आमच्या मुली एका आंतरजिल्हा स्पर्धेच्या सेमीफायनलला पोचल्या. क्लबमध्ये पहिल्यांदाच! मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून मॅच बघत होते. तिसऱ्या क्वार्टरला आम्ही नऊ पॉइंट्सनी पुढे. मग मुलींचे पाय जड व्हायला लागले. समोरच्या टीमचे कोच दर दोन-तीन मिनिटांनी खेळाडू बदलत होते, आमच्या त्याच पाच जणी धावत होत्या. शेवटची चार मिनिटं उरली असताना आमच्या पॉइंट गार्डचा पाचवा फाउल झाला, ती बाहेर. बाकावर नजर टाकली तर तिघीच. बास्केटबॉलमध्ये बारा जणींचं नाव देता येतं. आमच्याकडे बाराच्या जागी आठ. ५१-४७. हरलो.

त्या रात्री ग्रुपवर एका जुन्या दादाचा मेसेज पडला, 'आता बस झालं. सरबी बदला न् कमेटीबी बदला.' सकाळपर्यंत खाली दीडशे मेसेज. रविवारी सभा ठरली. आजीव सभासदांना मत आहे, बाहेरगावच्यांनी व्हिडिओ कॉलवर यावं, असा निरोप आला. थोडक्यात, मलाही मत द्यायचं होतं. आणि मत देण्याआधी मी ऑफिसात बग शोधताना करते तेच केलं. या आधी असं कुठे कुठे झालंय ते बघायला बसले.

विदर्भाच्या माणसाला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही.

जानेवारी २०१७. इंदूरचं होळकर स्टेडियम, रणजीची फायनल, मुंबई विरुद्ध गुजरात. मुंबईचे कोच चंद्रकांत पंडित. आदल्याच वर्षी, म्हणजे २०१५-१६ ला, त्यांनी मुंबईला रणजी करंडक जिंकून दिलेला. सतरा वर्षांच्या पृथ्वी शॉला सेमीफायनलला पहिल्यांदा उतरवलं आणि त्याने शतक ठोकलं, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. फायनलला गुजरातसमोर ३१२ धावांचं टार्गेट होतं. पार्थिव पटेलने १४३ मारल्या आणि गुजरातने पहिल्यांदा रणजी जिंकली. लागोपाठ दोन फायनल, एक जिंकलेली, एक हरलेली. एवढं प्रगतिपुस्तक आणलं तर माझ्या आईने पेढे वाटले असते! मुंबईने मात्र त्या सीझननंतर पंडितांना ठेवलं नाही. समीर दिघे कोच झाले.

पंडित आले नागपूरला, विदर्भाकडे. विदर्भ म्हणजे १९५७-५८ पासून रणजी खेळणारी आणि तोवर एकदाही फायनल न बघितलेली टीम. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई क्वार्टर फायनलला कर्नाटककडून डावाने हरली, आणि तीही नागपुरात. त्याच कर्नाटकला विदर्भाने सेमीफायनलला ईडन गार्डन्सवर हरवलं. फरक किती, तर पाच धावा. रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात सात विकेट्स काढल्या. गुरबानी सिव्हिल इंजिनीअर आहे, हे आमच्या घरी माझ्या भावाला अजून ऐकवलं जातं. (भाऊपण सिव्हिल इंजिनीअरच आहे, पण त्याच्याने गल्लीतसुद्धा विकेट निघाली नाही.) मग फायनलला दिल्ली. गुरबानीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरचं शतक, आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भ रणजी चॅम्पियन. मैदान कुठलं? तेच इंदूरचं होळकर स्टेडियम, जिथे वर्षभरापूर्वी पंडित हरले होते. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्रला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखलासुद्धा.

बघा, मुंबईने चूक केली आणि विदर्भाची लॉटरी लागली! स्टोरी एकदम फिल्मी आहे, आणि ग्रुपवर हीच टाकून मोकळं व्हावं असं मला दोन मिनिटं वाटलं. पण गोष्ट इथे संपत नाही. पंडित पुढे मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२२ ला तिथेही रणजी जिंकले, नेमकी मुंबईला हरवून. १९९८-९९ ला त्याच बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर ते मध्य प्रदेशचे कॅप्टन म्हणून फायनल हरले होते. तिथून ते आयपीएलमध्ये कोलकाता नाइट रायडर्सला गेले. २०२३ ला टीम सातवी, २०२४ ला चॅम्पियन, २०२५ ला आठवी, आणि जुलै २०२५ मध्ये कोच आणि टीम वेगळे झाले. माणूस तोच, शिस्त तीच. मग आठवी येणारी टीम त्यांची आणि चॅम्पियन टीम दुसऱ्या कुणाची, असं कसं म्हणणार?

शिवाय विदर्भात सगळं एकट्या पंडितांनी केलं असंही नाही ना. वासिम जाफरसारखा माणूस आधीपासून टीममध्ये होता. फैज फजल कॅप्टन होता. विदर्भ क्रिकेट असोसिएशनने कित्येक वर्षं ज्युनियर क्रिकेटवर आणि अकादमीवर पैसे घातले होते. पंडितांनी त्या तयार रानात पेरलं. धानाच्या जिल्ह्यातल्या मुलीला हे वेगळं समजवावं लागत नाही. बांध घालणारा एक, रोवणा करणारे दुसरे, आणि फोटो कापणीवाल्याचा.

मला खरं उत्तर मिळालं ते विदर्भाच्या दुसऱ्या गोष्टीत. ही गोष्ट कमी गाजली, कारण त्यात कुणाला काढलंच नाही.

मार्च २०२४, वानखेडे. रणजी फायनल, मुंबई विरुद्ध विदर्भ. आता विदर्भाचे कोच उस्मान घनी, पूर्वी विदर्भाकडूनच खेळलेले, कॅप्टन अक्षय वाडकर. पहिल्या डावात विदर्भ १०५ ऑल आउट! समोर टार्गेट ५३८. इथे कुठल्याही टीमने खांदे पाडले असते, पण हे लोक पाचव्या दिवसापर्यंत झुंजले. करुण नायर ७४, वाडकर १०२, हर्ष दुबे ६५. वाडकर बाद झाला आणि मग डाव गडगडला, ३६८. मुंबई १६९ धावांनी जिंकली आणि तिने बेचाळिसावा करंडक उचलला.

आकडा काढला तर १६९ धावांचा पराभव म्हणजे चांगलाच मार आहे. कोच जाऊ शकला असता. गेला नाही. कॅप्टनही तोच राहिला. आणि पुढच्या सीझनला काय झालं? फेब्रुवारी २०२५ मध्ये सेमीफायनलला परत मुंबई समोर, नागपुरात. विदर्भ ८० धावांनी जिंकला. फायनलला केरळ. दानिश मालेवारच्या पहिल्या डावात १५३, करुण नायरच्या ८६ आणि १३५. मॅच ड्रॉ, पण पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरा रणजी करंडक विदर्भाचा. हर्ष दुबेने त्या सीझनला ६९ विकेट्स काढल्या, रणजीच्या एका सीझनमधला तो विक्रम ठरला.

यात करुण नायरकडे नीट बघा. कसोटीत त्रिशतक मारलेला हा माणूस कर्नाटकच्या टीममधून बाहेर पडला होता. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने ट्विटरवर क्रिकेटकडेच आणखी एक संधी मागितली होती. ती त्याला २०२३ मध्ये विदर्भाने दिली. हे काम कोचचं नाही, मॅनेजमेंटचं आहे. कुणाला घ्यायचं, कुणावर पैसे लावायचे, किती दिवस थांबायचं हे ऑफिसात ठरतं, मैदानावर नाही. विदर्भाच्या ऑफिसने ते ठरवलं आणि हरल्यावरही ते डगमगलं नाही. मॅनेजमेंटला मार्क द्यायचे तर असे द्यावेत, म्हणजे मग कापायचे तिथे कापताही येतात.

आता ज्यांना वाटतं 'हे सगळं क्रिकेट झालं, तू बास्केटबॉलचं बोल', त्यांच्यासाठी अमेरिका. न्यूयॉर्क निक्स. टॉम थिबोडो २०२० पासून त्यांचे कोच. मे २०२५ मध्ये या टीमने आदल्या वर्षीचे चॅम्पियन बोस्टन सेल्टिक्स यांना प्लेऑफमधून घरी पाठवलं आणि पंचवीस वर्षांनी कॉन्फरन्स फायनल गाठली. तिथे इंडियानाकडून ४-२ अशी हार. पहिल्या मॅचला तर शेवटची तीन मिनिटंही उरली नव्हती आणि चौदा पॉइंट्सची आघाडी होती, तीही घालवली. ३१ मेला सीरिज संपली, ३ जूनला कोचला डच्चू. त्याच्यावरचा आरोप काय होता माहितीये? तो त्याच पाच जणांना दमेपर्यंत खेळवतो.

वाचून मी दचकलेच. हे तर आमच्या सरांचं वर्णन! पण पुढचा प्रश्न कुणी विचारायचा? बाकावर भरवशाचे खेळाडू का नव्हते? एका मिकाल ब्रिजेसला आणायला निक्सच्या ऑफिसने पहिल्या फेरीतले पाच पिक देऊन टाकले होते. बाक ऑफिसने भरायचा असतो. ऑफिस जागेवर राहिलं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई आधीच ठरवून बसलीये. टोरोंटो रॅप्टर्स, २०१८. ड्वेन केसी यांनी त्या सीझनला ५९ मॅच जिंकून दिल्या. प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत क्लीव्हलँडने त्यांना ४-० धुतलं आणि केसी गेले. जूनमध्ये गंमत झाली. कामावरून काढलेल्या याच माणसाला एनबीएचा 'कोच ऑफ द इयर' पुरस्कार मिळाला! आपल्याकडे अप्रेझलला 'एक्सीड्स एक्स्पेक्टेशन्स' आणि सोबत रिलीव्हिंग लेटर मिळावं, तसं. सगळे हसले. पण त्यांच्याच असिस्टंटने, निक नर्सने, २०१९ ला रॅप्टर्सना चॅम्पियन केलं. म्हणजे बदल चुकीचा नव्हता. फक्त एक लक्षात घ्या, त्या मॅनेजमेंटने नुसता कोच बदलून हात झटकले नाहीत. ट्रेड करून कवाय लेनर्डसारखा खेळाडू आणला. नवा कोचही बाहेरून उचलला नाही, टीमला आतून ओळखणारा माणूस निवडला.

शनिवारी रात्रीपर्यंत माझं एवढं ठरलं होतं की सर आणि कमिटी हे दोन प्रश्न आहेत. एकाच ठरावात दोघांना गुंडाळणं म्हणजे कोण कशामुळे हरलं, हे न शोधता फाइल बंद करणं. डेन्व्हर नगेट्सने एप्रिल २०२५ मध्ये तसं केलं होतं. मायकल मलोन या कोचने त्यांना २०२३ ला चॅम्पियन केलेलं. प्लेऑफ तोंडावर, साध्या सीझनच्या तीनच मॅच उरलेल्या, आणि कोच आणि जनरल मॅनेजर एकाच दिवशी घरी. वाचायला एकदम न्याय्य वाटतं. दोघांनाही सारखंच! पण 'सारखंच' म्हणजे 'बरोबर' का?

आता सरांविषयी. त्यांच्यावरचे आरोप खरे आहेत, हे आधी सांगून टाकते. ते पंधरा वर्षं एकच डिफेन्स शिकवताहेत, टू-थ्री झोन. मागे तिघी, पुढे दोघी, आपापली जागा सांभाळा. हल्लीच्या टीम लांबून थ्री-पॉइंटर मारतात, त्यांच्यासमोर हा झोन उसासारखा चिरडला जातो. टाइमआउट घ्यायला सर विसरतात. सेमीफायनलला दमलेल्या मुलींसाठी दोन मिळाले असते, घेतले नाहीत. चांगला माणूस असणं ही कोचिंगची डिग्री नाही, हे मलाही कळतं.

पण मी खेळायला आले कशी ते ऐका. मी नववीत होते. संध्याकाळची प्रॅक्टिस म्हटल्यावर बाबांनी सरळ नाही म्हटलं. त्यानंतर सर आमच्या घरी चार संध्याकाळी आले. अंगणात बसायचे, चहा घ्यायचे, बाबांशी धानाच्या भावाबद्दल आणि गोसेखुर्दच्या पाण्याबद्दल बोलायचे. बास्केटबॉलचा ब्र नाही. पाचव्या संध्याकाळी बाबाच वैतागून म्हणाले, "न्या ना गुरुजी तिले, कितीक चकरा मारता!" सरांकडे एक वही होती. कोणती मुलगी ग्राउंडवरून किती वाजता निघाली आणि घरी किती वाजता पोचली, हे त्यात लिहायचे. घरी पोचल्याचा मिस्ड कॉल आला नाही तर स्वतः सायकल काढायचे. कापणीच्या दिवसांत अर्ध्या मुली शेतावर, तर प्रॅक्टिस पहाटे साडेपाचला. कुणाच्या पाळीचा त्रास असेल तर काकू, म्हणजे सरांच्या बायको, तिला घरी घेऊन जायच्या. या कामाचं स्कोअरशीटवर खातं नाही. पण आठ मुली सेमीफायनलला पोचल्या त्या आधी आठ घरांतून बाहेर पडल्या होत्या, हे विसरून कसं चालेल?

नव्या कोचचं नावही तयार होतं. नागपूरचे, लायसन्सवाले, आठवड्यातून तीन दिवस येणार, मानधन घेणार. त्यात काही वाईट नाही. मी आमच्या आताच्या कॅप्टनला फोन केला. अकरावीत आहे पोरगी. म्हटलं, तुला काय वाटतं ते बिनधास्त सांग.

"ताई, सर गेले तर बाबा मले नाही पाठवनार." मग जरा थांबून, हळू आवाजात, "पन ताई, सर आमाले मॅन-टू-मॅन शिकवतच नाही ना. आमी यूट्यूबवर पाहून करतो."

झालं. दीडशे मेसेजमध्ये जे निघालं नव्हतं ते या दोन वाक्यांत निघालं. मुलींना सर हवे आहेत, आणि सरांकडे नाही ते शिक्षणही हवंय.

राहिली कमिटी. आठच मुली का पाठवल्या, हा माझा एकच प्रश्न होता. रविवारच्या सभेत तो मी विचारला. हॉलमध्ये वीस-बावीस लोक, आम्ही सहा जणी स्क्रीनवर, पंख्याच्या आवाजात अर्धं ऐकू येत नव्हतं. सेक्रेटरी काका उठले. अकरा वर्षं तेच सेक्रेटरी आहेत. वरठीहून रेल्वेचं भाडं, राहणं, तीन दिवसांचं जेवण, असा हिशेब त्यांनी तोंडपाठ सांगितला. बारा जणींचे पैसे नव्हते, आठ जणींचेच होते. "मंग कोन देते पैसे? मीच देतो. ग्राउंडच्या लाइटचं बिल कोन भरते? इचारा बाकीच्याईले."

कुणी काही बोललं नाही. कारण ते खरं होतं. ज्या दादाने 'कमेटीबी बदला' लिहिलं होतं त्याची वर्गणी तीन वर्षांची बाकी निघाली. पण काकांचं खरं असूनही ते अर्धंच होतं. पैसे नाहीत हे त्यांनी स्पर्धेच्या आधी कुणाला सांगितलंच नव्हतं. ना सरांना, ना ग्रुपवर. आम्ही पुण्या-मुंबईत आणि नागपुरात नोकऱ्या करणाऱ्या वीस-पंचवीस जणी आहोत, वीकेण्डला एका पिझ्झ्यावर खर्च करतो तेवढ्यात एका मुलीचं जाण्यायेण्याचं भाडं निघतं. विचारलं असतं तर मिळाले असते. एकट्याने क्लब ओढणाऱ्या माणसाला विचारण्याची सवय राहत नाही. अशा मॅनेजमेंटला हाकलायचं नसतं, पण तिच्या हातातली तिजोरीची किल्ली एकटीकडे ठेवायचीही नसते.

मी म्हटलं, दोन ठराव वेगळे करा. मी सरांच्या बाजूने मत देईन, पण तसंच्या तसं चालू ठेवायला नाही. पुढचे दोन सीझन सर राहावेत, डिफेन्स शिकवायला दुसरं कुणीतरी यावं आणि मॅचच्या वेळी टाइमआउट कधी घ्यायचा हे त्या दुसऱ्या व्यक्तीने ठरवावं. एका जुन्या खेळाडूने तिथल्या तिथे विचारलं, "म्हणजे सरांचा अपमानच ना?" मला अमोल मुझुमदार आठवले. ११,१६७ फर्स्ट क्लास धावा करून भारताकडून एकही मॅच न खेळलेला माणूस. कोच म्हणून त्यांची मुंबई २०२२ ची रणजी फायनल हरली, पुढच्या सीझनला बाद फेरीसुद्धा गाठू शकली नाही, आणि कोच बदलला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते भारताच्या महिला टीमचे कोच झाले. २०२५ च्या वर्ल्ड कपला साखळीत लागोपाठ तीन मॅच हरल्यावर त्यांच्याबद्दल काय काय लिहून आलं ते आठवा. वर्ल्ड कप चालू असताना कोच बदलता येत नाही हे नशीबच म्हणायचं! २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून त्याच टीमने कप उचलला. हे सगळं मी हॉलला सांगत होते, तेवढ्यात माझं नेट गेलं. परत जॉइन झाले तेव्हा सर बोलत होते.

सर सभेत शेवटच्या खुर्चीवर बसले होते, म्हणे. बाजू मांडायला सांगितल्यावर ते एवढंच बोलले, "मॅन-टू-मॅन मले येत नाही. मी शिकलोच नाही, आमच्या वेळी झोनच होता. कोनी शिकवत असन तर मीबी शिकीन." आणि घड्याळ बघून उठले. सहा वाजता प्रॅक्टिस होती.

मतदान झालं. सर एका सीझनसाठी राहिले, दोन नाही. चौदा विरुद्ध नऊ. बरेच जण गप्प बसले. सेक्रेटरी काकाही राहिले, पण खजिनदार वेगळा झाला, आणि दर महिन्याचा हिशेब ग्रुपवर टाकायचा ठरला. काका दोन दिवस ग्रुप सोडून गेले होते, मग कुणीतरी त्यांना परत अ‍ॅड केलं. बारा मुलींच्या प्रवासाचे पैसे आम्ही बाहेरगावच्या मुली उचलणार. माझ्या बरोबर खेळलेली एक मैत्रीण नागपुरात बँकेत आहे, ती दर रविवारी सकाळच्या एसटीने भंडाऱ्याला जाऊन डिफेन्स शिकवणार. जमेल का, किती रविवार जमेल, ते दिसेलच. लग्न ठरतंय तिचं.

पहिल्या रविवारचा व्हिडिओ तिने पाठवला. मुली नऊच आल्या होत्या, पाच-पाचची जोडी लावायला एक कमी पडत होती. म्हणून सर स्वतः डिफेन्सला उभे. हात पसरलेले, गुडघे वाकवलेले, गळ्यात शिट्टी तशीच. आणि आमची अकरावीतली कॅप्टन त्यांच्या बाजूने बॉल घेऊन सुळकन निघून गेल्यावर मागून माझ्या मैत्रिणीचा आवाज, "सर, बॉलकडे नका बघू, तिच्या कमरेकडे बघा!"